माझे राहू दे

अलके,

परवा बदलापूरला तुझी शोकसभा झाली. तुझ्या दवाखान्यासमोरच्या मोकळ्या प्लॉटवर सतरंज्या टाकल्या होत्या. तू होतीस तेव्हा रांगेत बसून कुरकुरणारे सगळे पेशंट निमूट मांडी घालून बसले होते. बोलायला उठलेले लोक तुझ्याबद्दल थोडं बोलले आणि माझ्याबद्दलच जास्त. "डॉक्टरबाई नेहमी सांगायच्या, त्यांच्या मैत्रिणीने स्वतःचा मेडिकलचा फॉर्म भरला नाही आणि ते पैसे त्यांना दिले." एक झाला, दुसरा झाला, तिसराही तेच. मग तुझ्या नवऱ्याने, अभयने, माईक आणून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "करुणाताई, दोन शब्द बोला."

मी काय बोलणार, कपाळ? खरं बोलले असते तर सगळ्या सभेवर पाणी पडलं असतं, आणि खोटं बोलायची ती जागा नव्हती. मी तुझ्या फोटोला नमस्कार केला आणि माईक परत दिला. लोकांना वाटलं, बाईंना हुंदका आला. हुंदका नव्हता गं तो, राग होता. इतकं भांडले तुझ्याशी, तरी जाईपर्यंत तू तेच सांगत राहिलीस.

म्हणून हे लिहितेय. आपलं भांडण अर्धं राहिलंय, आणि आता तुला मध्येच तोंड घालता येणार नाही. मला पूर्ण बोलू द्यायची तुझी ही पहिलीच वेळ.

आपली ओळख झाली अकरावीत, उल्हासनगरच्या कॉलेजात, बेडकाच्या टेबलावर. दोघी अंबरनाथच्याच, पण तू कंपनीच्या कॉलनीतली, ऑफिसरची मुलगी, आणि मी बुवापाड्याच्या वस्तीतली. एरवी आपली गाठ पडायचं काही कारण नव्हतं. रोल नंबर लागून आले म्हणून दोघींत एक बेडूक मिळाला. तू म्हणालीस, "तू धर, मी कापते." मी म्हटलं, "का म्हणून? तू धर, मी कापते." सरांनी बेडूक काढून घेतला आणि तास संपेपर्यंत दोघींना उभं केलं. बाहेर पडल्यावर तू मला विचारलंस, "तुलापण डॉक्टर व्हायचंय का गं?" मी म्हटलं, "मग काय बेडूक धरायला आलेय?" तेव्हापासून तू माझा पिच्छा सोडला नाहीस.

डॉक्टर दोघींनाही व्हायचं होतं आणि दोघींनाही घरून त्यासाठी काही मिळणार नव्हतं. तुझे पपा म्हणायचे, "मुलीला डॉक्टर केली की जावई डॉक्टर शोधावा लागतो, आणि त्यांचे भाव मला परवडत नाहीत. बी.कॉम. कर, बँकेत चिकट." फॉर्मचे पैसे मागितलेस तेव्हा त्यांनी पेपरातून डोकंसुद्धा वर काढलं नाही. माझ्या बाबांच्या केमिकल कंपनीत तेव्हा टाळेबंदी होती. सगळे कामगार गेटसमोर तंबू टाकून बसायचे. बाबा मला म्हणायचे, "तू अभ्यास कर पोरी, पैशाचं मी बघतो," आणि बघायला काही शिल्लकच नव्हतं. आमच्या घरी मन होतं, पैसे नव्हते. तुमच्या घरी पैसे होते, मन नव्हतं. दोघींचे बाप एकत्र मळले तर एक बरा बाप तयार होईल, हे तुझंच वाक्य. मी हसले होते, पण घरी गेल्यावर वाईट वाटलं होतं.

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या पुष्पा भाभीचा पत्ता तूच काढलास. भाभीच्या घरामागच्या खोलीत जीन्स शिवायचा कारखाना होता, म्हणजे चार मशिनी आणि एक पंखा. शिवून झालेल्या पँटींचे लोंबणारे धागे कापायचे, नगावर पैसे. कॉलेज सुटलं की आपण तिथे. रंग कच्चा असायचा, बोटं निळी व्हायची. तू घरी सांगायचीस, "प्रॅक्टिकलला कॉपर सल्फेट सांडलं," आणि तुझ्या आईला एवढं रोज रोज कॉपर सल्फेट कसं सांडतं ते कधी विचारावंसं वाटलं नाही. मला घरी काही लपवायचं नव्हतं. माझी आई रॉकेलने माझी बोटं पुसायची आणि बडबडायची, "डाक्टरीण व्हायच्या आधी रंगारीण झालीस की गं."

भाभी भिशी चालवायची. ती तिला बीसी म्हणायची. बायका दर महिन्याला ठरलेली रक्कम तिच्याकडे भरायच्या, डब्यात सगळ्यांच्या चिठ्ठ्या असायच्या, आणि जिची चिठ्ठी निघेल तिला त्या महिन्याचे सगळे पैसे. एकेक नंबर आपल्याला झेपणारा नव्हता. म्हणून दोघींत मिळून एक घेतला, अर्धा तुझा, अर्धा माझा. दोन नावं लिहायचा भाभीला कंटाळा. तिने चिठ्ठीवर नुसतं 'डॉक्टर' लिहिलं. "दोनों का एकीच डॉक्टर," म्हणाली आणि स्वतःच्याच विनोदावर खूप हसली.

राज्यातल्या कॉलेजांचं सगळं बारावीच्या मार्कांवर ठरायचं, तो फॉर्म रिझल्टनंतर. पण त्याच्या कितीतरी आधी, थंडीत, दिल्लीच्या परीक्षेचा फॉर्म निघायचा. शिवाय स्वतःची वेगळी परीक्षा घेणारी काही कॉलेजं होती, त्यांचेही, दिल्लीपेक्षा स्वस्त. प्रत्येकाला बँकेचा ड्राफ्ट, फोटो, रजिस्टर पोस्ट. आपलं ठरलं होतं, भिशी लागली की दोघींनी एकेक दिल्लीचा फॉर्म भरायचा. अर्ध्या रकमेत एक फॉर्म बरोबर बसत होता. दिल्ली आपल्यापैकी कुणीच पाहिली नव्हती, पण दिल्लीच्या नावाने आपण शिवमंदिराच्या मागे नाल्याकाठी बसून किती गप्पा मारल्या असतील.

आणि मग तो रविवार. भाभीच्या सासूने डोळे मिटून डब्यात हात घातला. भाभीने चिठ्ठी उघडली आणि ओरडली, "लो, डॉक्टर की निकली!" बायकांनी टाळ्या वाजवल्या. आपल्या शेजारी बसून धागे कापणारी रतनबाई म्हणाली, "आता माझं ऑपरेशन फुकट हां पोरींनो." तू पुढे बसली होतीस म्हणून भाभीने नोटा तुझ्या हातात दिल्या. ऑर्डर होती, मशिनी धडधडत होत्या, कुणाचं बोलणं कुणाला धड ऐकू येत नव्हतं. नोटा सरळ करता करता तू माझ्या कानाशी आलीस. "करू, मी तीन फॉर्म मागवलेत. एकट्या दिल्लीवर कोण भरवसा ठेवणार? आम्हाला कुठे काय सवलत असते. तुमचं काय गं, तुमचं होऊनच जातं."

तुमचं. आपल्या इतक्या वर्षांच्या मैत्रीत तू मला 'तुमचं' म्हणालीस ते त्या एकदाच. तुझ्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी तुझ्या शेजारी एकटी बसले होते आणि तू एकदम माझ्या मागे अख्खा बुवापाडा उभा केलास. त्यात मला सांगायचं होतं की माझे पैसे तुझ्याजवळच ठेव. घरी नेले तर आईला दिसतील, आणि दिसले की वाण्याकडे जातील. आईचा दोष नव्हता, कित्येक महिने घरात पगार आला नव्हता. बँक तुझ्या कॉलनीजवळ. गुरुवारी मी फॉर्म घेऊन तुझ्याकडे येणार, दोघींनी जाऊन ड्राफ्ट काढायचे. हे सगळं माझ्या डोक्यात होतं. तोंडातून फक्त एवढंच आलं,

"माझे राहू दे."

तू मला घट्ट मिठी मारलीस. मला वाटलं, भिशी लागल्याचा आनंद.

गुरुवारी तुमच्या मागच्या ओट्यावर आले तेव्हा कळलं ती मिठी कशाची होती ते. तू रजिस्टरच्या पावत्या दाखवायला आणल्यास. "गेले गं तिन्ही! सोमवारीच टाकले." मी विचारलं, "आणि माझे?" तू म्हणालीस, "तुझे काय?" मग माझ्या तोंडाकडे बघून तुझा रंग उडाला. "अगं, तूच म्हणालीस ना, राहू दे!"

"राहू दे म्हणजे ठेव, अलके!"

"राहू दे म्हणजे नको! कुणी जेवायला वाढताना राहू दे म्हटलं तर आपण काय वाढतो?"

आणि हे सगळं कुजबुजत. आत तुझी आई काहीतरी तळत होती, पपा पुढच्या खोलीत होते, आणि तू फॉर्म भरलेस हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. माझा आवाज जरा चढला असता तर तुझ्या तिन्ही फॉर्मांचं वाटोळं झालं असतं. आयुष्यातलं सगळ्यात मोठं भांडण मी घसा दाबून भांडले. आतून आईने विचारलं, "कोण गं?" तू डोळे पुसत म्हणालीस, "करुणा आलीय, जर्नल न्यायला." मग कानातले काढायला लागलीस. "हे विकते." मी म्हटलं, "विक, आणि पपांना काय सांगशील? कॉपर सल्फेटात विरघळले म्हणून?" तशातही तुला हसू फुटलं. आणि मग तू हळूच विचारलंस, "पण करू, तुझी फी तर नावालाच असेल ना?"

मी म्हटलं, "बघते." आणि निघाले.

पुढच्याच महिन्यात तू माझे अर्धे पैसे आणून दिलेस. एकटीने दोघींचे धागे कापले होतेस, मनगटापर्यंत निळी झाली होतीस. मी घेतले. तोवर फॉर्मची तारीख गेली होती. पैशांचं मी तुझ्याकडे कधी काही येणं काढलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. मला हवी होती ती तारीख.

आता ऐक, जे मी तुला कधीच सांगितलं नाही.

माझी फी नावाला नव्हती. पूर्ण होती, तुझ्याइतकीच. राज्याच्या कागदावर आम्हा बौद्धांना सवलत मिळायची, दिल्लीच्या कागदावर तेव्हा मिळत नव्हती. तिथे बौद्ध लिहिलं की सवलतीच्या यादीतून बाहेर. कॉलेजातला क्लार्क भला माणूस होता. म्हणाला, "वडिलांच्या जुन्या दाखल्यावर हिंदू महार असेल ना? तेच लिही. फी अगदी थोडी पडेल. सगळे तसंच लिहितात." मी घरी येऊन सांगितलं. बाबा म्हणाले, "छप्पन साली तुझ्या आजोबांनी घरातले देव नदीत सोडले. मी काठावर उभा होतो. आता फॉर्मच्या फीसाठी ते परत काढून आणू?" विषय संपला. म्हणून मला भिशीचे अर्धे पुरे लागत होते.

तुझ्या ओट्यावरून घरी आले तेव्हा माझ्याकडे धागे कापल्याची थोडी चिल्लर होती. सवलतीच्या फीला ती पुरली असती. बाबा गेटवरून आले. मी त्यांना सगळं सांगितलं, राहू देसकट. मग म्हणाले, "लिही."

"काय?"

"क्लार्क म्हणतो ते. लिही तू. मी बाहेर जाऊन येतो."

चपला घालून बाहेर गेले आणि नळावर जाऊन उभे राहिले, पाणी भरणाऱ्या बायकांच्या बाजूला, हातात बादली नाही की कळशी नाही. मला दारातून दिसत होते. एका बाईने काहीतरी विचारलं, त्यांनी नुसती मान हलवली. मी फॉर्म पुढे घेतला. बाकीचं सगळं भरून झालेलं होतं, तेवढा एक रकाना कोरा होता. मी त्यात 'बौद्ध' लिहिलं, फॉर्मची घडी घातली, गादीखाली सारली आणि बाबांना हाक मारली, "जेवायला चला." त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. भाकरी मात्र त्यांनी त्या दिवशी जास्त खाल्ली.

हे मी तुला का सांगितलं नाही? सांगायला काय झालं होतं? अगं, तुझ्या ओट्यावर बसून 'आमचं' कसं असतं हे तुला समजावून सांगायचं माझ्या जिवावर आलं. मी तुझ्याकडे मैत्रीण म्हणून यायचे, मास्तरीण म्हणून नाही. तुला माहीत असायला हवं होतं, असं मला तेव्हा वाटायचं. अजूनही थोडं वाटतं. पुढे दोनेक वर्षांनी दिल्लीचा नियम बदलला, आमची नावंही त्या यादीत आली. बाबांनी पेपर माझ्यापुढे सरकवला. मी वाचला आणि घडी करून ठेवला.

तुझा दिल्लीचा पेपर गेला. दुसऱ्या कॉलेजातही काही झालं नाही. जागा मिळाली ती तिसऱ्या फॉर्मवर. म्हणजे माझ्या अर्ध्यातून निघालेल्या ड्राफ्टवर, आणि हे पहिल्यांदा म्हणाली ती तूच. इकडे मी राज्याच्या यादीत राखीव जागांतही थोडक्यात राहिले, फिजिक्सने घात केला. आणि तुझे पपा! ज्यांनी पेपरातून डोकं वर काढलं नव्हतं ते पेढ्यांचा बॉक्स आणि तुला घेऊन स्वतः आमच्या घरी आले. "अलका डॉक्टर होणार! माझी पहिल्यापासून इच्छा होती." पुढची सगळी फी त्यांनी हसत भरली. बाबांनी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि पाणी विचारलं. पपा म्हणाले, "नको नको, आत्ताच घेतलं." तू उठलीस, सरळ आमच्या माठाकडे गेलीस, ग्लास भरून प्यायलीस. मग आणखी एक भरलास आणि तोही प्यायलीस, पपांच्या समोर, त्यांच्याकडे बघत. अलके, मी तुझ्यावर कितीही चिडले तरी ते दोन ग्लास मी कधी विसरले नाही.

तू शिकायला गेलीस. मी बी.एस्सी. केलं, मग लॅबचा कोर्स, आणि विठ्ठलवाडीच्या लॅबमध्ये लागले. लोकांना वाटतं मी कुढत असेन. कुढायला वेळ कुणाला आहे? मला माझं काम आवडतं. लहान मुलांचं रक्त काढायला मलाच बोलावतात. फक्त कधी कधी वाटतं, तो पेपर मी दिला असता तर? पास झाले असते की नापास? तू म्हणायचीस, "झाली असतीस." मी म्हणायचे, "तुला काय माहीत?" तर म्हणायचीस, "बेडूक तूच नीट धरायचीस." नापास झाले असते तरी चाललं असतं गं. निदान कळलं असतं.

सुटीत आलीस की आपण विठ्ठलवाडी डेपोजवळ वडे खायला जायचो. प्लेटमध्ये शेवटचा वडा उरला की मी म्हणायचे, "राहू दे." तू लगेच पेन काढायचीस. "राहू दे म्हणजे काय? ठेवू की खाऊ? लिहून दे बाई, सही कर." वडेवाला बघत राहायचा आणि आपण हसून हसून लोळायचो. हसणं खोटं नव्हतं. पण हसून झालं की तू लगेच बिल द्यायला उठायचीस.

मग तू बदलापूरला दवाखाना काढलास. उद्घाटनाला माईक लावला होतास, तो तुझा शौकच. सगळ्यांसमोर म्हणालीस, "माझ्या मैत्रिणीने तिच्या फॉर्मचे पैसे मला दिले म्हणून आज मी इथे आहे." टाळ्या. मी तुला मागच्या खोलीत ओढत नेलं. "मी दिले नाहीत."

"मग मी चोरले का?"

"चोरले नाहीस. चुकून घेतलेस. तसं सांग."

"चुकून डॉक्टर झाले असं सांगू? एक तरी पेशंट येईल का?"

मला हसू आलं आणि त्याचाच राग आला. मी म्हटलं, "दिले म्हटलं की मी मोठी होते आणि तू सुटतेस. मला मोठं नव्हतं व्हायचं, डॉक्टर व्हायचं होतं." तेव्हा तू तपासायच्या टेबलावर बसलीस आणि खाली बघत म्हणालीस, "करू, दिले म्हटलं की मला झोप लागते. घेतले म्हटलं की नाही लागत."

मी म्हटलं, "मग नको झोपूस."

हे मी म्हटलं. तुझ्या आयुष्यातल्या इतक्या मोठ्या दिवशी म्हटलं. बाहेर येऊन तुझ्या हातचा पेढाही खाल्ला.

त्यानंतर तू भांडलीस कमी आणि करत राहिलीस जास्त. बाबांना दमा लागला तेव्हा बदलापूरहून दर आठवड्याला यायचीस. आल्या आल्या माठातलं पाणी, मग नाडी. बाबा तुला 'डॉक्टर' म्हणायचे आणि तू चिडायचीस, "काका, अलका म्हणा." दवाखान्यातून पेशंट पाठवायचीस माझ्या लॅबला, एवढ्या लांब. म्हातारे कुरकुरत यायचे, "बाई म्हणाल्या, रक्त द्यायचं तर करुणाकडेच." हे उपकार फेडणं आहे म्हणून मी फणकारायचे. ते फेडणं नव्हतं, हे मला आता कळतंय, असलं काही मी लिहिणार नाही. तेव्हाही कळत होतं. तुझी सवय होती ती, धरलेलं न सोडायची.

गेल्या महिन्यात तू लॅबमध्ये आलीस आणि खुर्चीत बसून हात पुढे केलास. "तूच घे." डोळे पिवळे झाले होते. मी म्हटलं, "डॉक्टर ना तू? एवढं होईपर्यंत झोपली होतीस का?" तू म्हणालीस, "पेशंट होते गं." मी पट्टा बांधला. "मूठ आवळ." शीर चटकन मिळाली. रक्त येत असताना तू अगदी हळू म्हणालीस, "एक विचारू?"

"हलू नकोस."

"दिले होतेस ना गं?"

"मूठ सोड," मी म्हटलं. सुई काढली, कापूस ठेवला. "दाबून धर."

"सांग ना."

"रिपोर्ट संध्याकाळी मिळेल."

तू हसलीस. "तू आणि तुझे रिपोर्ट," म्हणालीस आणि कापूस दाबत निघून गेलीस. मला वाटलं, कावीळच तर आहे. बरी होईल, मग पुन्हा भांडू. मग तुला हॉस्पिटलात ठेवलं. भेटायला आले तेव्हा तू कुणालाच ओळखत नव्हतीस. मी तुझ्या कानाशी बसून खूप काही बोलले, पण तुला ऐकू जात नव्हतं आणि मीही नेमकं तेवढं बोलले नाही. पेशंट कोण कोण विचारतायत त्यांची नावं सांगत बसले.

परवाच्या सभेला बाबाही आले होते, दम लागत असताना. येताना रिक्षात त्यांनी विचारलं, "माईक का परत दिलास?" मी म्हटलं, "लोक म्हणतात मी दिले. मी दिले नव्हते बाबा. तुम्हाला माहितीये." ते बाहेर बघत होते. म्हणाले, "तू काय म्हणाली होतीस तिला?"

"राहू दे."

"मग राहू दे की आता," बाबा म्हणाले.

घरी आले, त्यांना पंप दिला, झोपवलं. सकाळपासून हे लिहितेय. लॅबला सुटी टाकलीय, तुझ्या नावाने.

तर अलके, नीट ऐक. आता मशिनी बंद आहेत. 'तुमचं आमचं' मध्ये नाही, आत पपा नाहीत, कुजबुजायची गरज नाही. त्या रविवारी मी दिले नव्हते, आणि हे मी मरेपर्यंत बदलणार नाही, तू कितीही सभा घे. पण फॉर्म राहिला तो एकट्या तुझ्यामुळे नाही. तो मी माझ्या हाताने गादीखाली ठेवला, बाबा नळावर रिकाम्या हातांनी उभे होते म्हणून. एवढ्या वर्षांचं ते ओझं तुझं नव्हतं.

त्या रविवारी दिले नव्हते. आज देते. पूर्ण वाक्य बोलते, म्हणजे पुन्हा घोळ नको. माझे तुलाच राहू दे.

झोप आता.